बाळ पेटीत, आई दाराबाहेर : एनआयसीयूत घरच्यांना आत घ्यावं का?

रानजाई

माझ्या वहिनीला दिवस पुरे व्हायच्या बरेच आधी मुलगा झाला. ३१ आठवडे, वजन १४०० ग्रॅम, सिझर. बाळ एका खासगी हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. नाव देत नाही, व्यनितही (व्यक्तिगत निरोपातही) विचारू नका. उपचारांबद्दल तक्रार नाही. श्वासाची नळी निघाली, आता नाकातून नळीने दूध चालू आहे.

प्रश्न वेगळा आहे. तिथला नियम असा की आईने दूध काढायचं, वाटीवर नाव-तारीख लिहायची आणि दारातच सिस्टरकडे द्यायचं. आत दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, एका वेळी एकच जण. हात लावायचा नाही. दादाने अजून पोराला बोटही लावलेलं नाही. आमच्या आईने नातू पाहिलाय तो फक्त मोबाइलवर. विचारलं की एकच उत्तर येतं, “इन्फेक्शन होईल.”

वहिनीची मैत्रीण दिल्लीत असते. ती म्हणते तिथल्या एका सरकारी दवाखान्यात आई बाळाशेजारीच बसून असायची, लंगोट बदलायची, दूध पाजायची. मग खरं काय? आत गेल्याने इन्फेक्शन होतं का? आणि आम्ही आग्रह धरावा का? दादाचं म्हणणं, “बाळ त्यांच्या ताब्यात आहे, वाकड्यात कशाला शिरायचं.” अनुभव असतील तर सांगा.

बंड्या_सातारकर

‘घरच्यांना आत घ्यावं का’ हा नंतरचा प्रश्न. आधी घरचे कोण ते ठरवा. चुलतभावाला मुलगी झाली तेव्हा आत्याचे दीरसुद्धा “मी जवळचाच” म्हणत काचेला नाक लावून उभे होते.

(बाळाला खूप शुभेच्छा, रानजाई. १४०० म्हणजे चांगलं वजन आहे, काळजी नको.)

डॉ_कंदील

मी नवजात विभागातच काम करतो, म्हणून दाराच्या आतली बाजू सांगतो.

इन्फेक्शनची भीती खोटी नाही. इतक्या लहान बाळाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, प्रतिकारशक्तीही अपुरी असते. पण जंतू एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातात ते बहुतेक वेळा आमच्याच हातांवरून. मी एका राउंडला सगळ्या बाळांना हात लावतो, आई एकाच बाळाला लावते. तिने कोपरापर्यंत हात धुतले, अंगठ्या-बांगड्या काढल्या, गाऊन घातला, सर्दी-तापात ती आत आली नाही, तर धोका तिच्यापेक्षा माझाच जास्त.

हा नुसता तर्क नाही. वहिनींच्या मैत्रिणीचा दवाखाना कोणता ते माहीत नाही, पण दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. आरती मारिया आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. २९५ बाळं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटातल्या पालकांना पद्धतशीर शिकवून बाळाच्या काळजीत सामील केलं, दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा दिली. इन्फेक्शनच्या प्रमाणात फरक पडला नाही. फरक पडला तो दुधात. घरी जाताना निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ६७. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी एसएनसीयूंसाठी (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षांसाठी) कुटुंबाच्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे सरकारी दवाखान्यात हे निदान कागदावर तरी आहे. खासगीत ज्याची त्याची मर्जी.

तुम्ही ‘आत सोडा’ असं मोघम मागू नका. ‘कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरणं) कधी सुरू करता येईल?’ असं नेमकं विचारा. १४०० ग्रॅम आणि नळी निघालेली, म्हणजे बाळ त्यात बसतं.

उलटतपासणी

डॉक्टरसाहेब, सगळं पटलं. एक सरळ प्रश्न. तुमच्या स्वतःच्या विभागात किती वेळ आत सोडता?

डॉ_कंदील

सरळ उत्तर : आईला दिवसा कधीही. वडिलांना ठरलेल्या वेळांत, राउंड चालू नसेल तेव्हा. रात्री कुणालाच नाही. कारण वैद्यकीय नाही, जागा नाही. दोन वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या पलंगांच्या) मध्ये खुर्ची टाकली की पोर्टेबल एक्स-रे यंत्र वळत नाही. मालकांकडे बाजूची खोली मागतोय. ती सध्या बिलिंगला आहे.

उलटतपासणी

हेच ऐकायचं होतं. बिलाला खोली आहे, आईला नाही.

सिस्टर_वऱ्हाडी

मी जिल्हा पातळीवरच्या एसएनसीयूत सिस्टर आहे. तुम्ही सगळे दाराबाहेरून बोलून राहिले, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आमच्याकडे हा सहभागाचा कार्यक्रम चालू आहे. हात धुवायच्या सहा पायऱ्या, आत कसं वागायचं, दूध कसं काढायचं-पाजायचं, कांगारू, धोक्याची लक्षणं आणि घरी गेल्यावर काय, असं टप्प्याटप्प्याने शिकवतो. कोपऱ्यात टीव्हीवर व्हिडिओही लागतो. पण व्हिडिओ पाहून कोणी शिकत नाही, हातात हात धरूनच शिकवावं लागते. रात्रपाळीला आम्ही दोघी. बाळं मंजूर जागांपेक्षा नेहमीच जास्त. एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवायची वेळ येते तेव्हा तिसऱ्या बाळाच्या आईला सहा पायऱ्या कोण शिकवेल? आई एकदा तयार झाली की माझं काम हलकं होते, हे खरं. पण ती तयार होईपर्यंत दुप्पट होते. वरून येणारे साहेब फक्त रजिस्टर पाहतात, किती आयांना शिकवलं ते.

आता घरचे आत आल्यावर काय होते तेही ऐका. एका सकाळी वॉर्मरच्या गादीवर काळी चिमूटभर राख दिसली. आजीने रात्री सुनेच्या गाऊनच्या खिशातून अंगारा पाठवला होता. सुनेने सासूच्या धाकाने बाळाच्या कपाळाला लावला, उरलेला गादीखाली ठेवला. नवीन सिस्टर ओरडायच्या बेतात होती. मी आजीला बोलावलं, काचेतून बाळाच्या हाताची सलाईन दाखवली, राखेचा कण तिथून आत गेला तर काय होईल ते सांगितलं. अंगाऱ्याची पुडी बांधली आणि वॉर्मरच्या खालच्या पायाला बाहेरून चिकटपट्टीने लावून दिली. आजी म्हणे, “चालते. बाबा तिथून पण राखतील.” त्या दिवसापासून तीच बाई बाकीच्या आज्यांना दारातच अडवून हात धुवायला लावायची. माझं अर्धं काम तिने केलं.

आणि एक. मॉनिटरवर सगळं ठीक होतं, तरी एक आई म्हणाली, “सिस्टर, काल हा बोट लावलं की तोंड वळवायचा, आज वळवत नाही.” साखर तपासली, कमी निघाली. मी सतरा बाळांत ते पाहिलं नसतं. म्हणून मी आयांना आत घ्यायच्या बाजूची आहे. फक्त त्यांना फुकटच्या कामवाल्या करू नका, आणि आम्हाला माणसं द्या.

बंड्या_सातारकर

“बाबा तिथून पण राखतील”ला दंडवत. सिस्टर, तुम्हाला आरोग्यमंत्री करा.

मालतीकाकू

रानजाई, बाळंतिणीला म्हणावं रडू नको, टाके ओढतात.

आमच्या वेळी पेट्या कुठल्या? माझी धाकटी नणंद अपुऱ्या दिवसांची. सासूबाई सांगायच्या, पिंजलेल्या कापसात गुंडाळून चुलीजवळच्या खोलीत ठेवली आणि दर थोड्या वेळाने चोचीच्या बोंडल्याने दूध घातलं. कुणी कांगारू नाव दिलं नव्हतं, पण उरावर घेऊनच बसायच्या. आज नणंदेला नातवंडं आहेत. तुम्ही डॉक्टर लोक फिरून आमच्यापाशीच आलात. टाळू भरणं, धुरी, चिमूटभर मध, यालाही काही अर्थ असणार.

डॉ_कंदील

काकू, ऊब आणि आईचं दूध या दोन गोष्टी सासूबाईंनी अचूक धरल्या होत्या, त्याला माझा नमस्कार. पण त्या काळात त्या खोलीतून न उठलेल्या बाळांच्या गोष्टी सांगायला कुणी उरत नाही. मध मात्र एक वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला नको, चिमूटभरही नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे लुळेपणाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि अशा बाळाच्या फुप्फुसांना धुरी अजिबात नको. काजळही नको.

मालतीकाकू

बरं बाबा, मध राहिला. तेल?

डॉ_कंदील

घरी आल्यावर, वजन वाढायला लागल्यावर, हलक्या हाताने लावा. नाकाकानात मात्र घालायचं नाही. 🙂

आदूबाबा

बाप म्हणून लिहितो, कारण या विषयावर बाप फक्त बिल भरताना दिसतो.

आमची मुलगीही अशीच घाईने आली. बायकोला रक्तदाबाचा त्रास होऊन ती दुसऱ्याच मजल्यावर आयसीयूत. बाळाला कांगारू देणार कोण? तिथल्या हेड सिस्टरने मला विचारलं, “शर्ट पुढून उघडतो का?” मला कळेचना. मग त्यांनी खुर्ची मागे कलती केली, मला उघड्या छातीने बसवलं आणि मुलीला फक्त लंगोट, टोपडं, मोजे घालून बेडकासारखे पाय दुमडून छातीवर उभी ठेवली. मान एका बाजूला वळवलेली, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून सुती पट्टा बांधला. मी श्वास घ्यायलाही घाबरत होतो. पहिली काही मिनिटं माझा घाम आणि मॉनिटरची टिवटिव. मग आकडे हळूहळू स्थिरावले आणि ती झोपली. सिस्टर म्हणाल्या, “आता तासभर हलायचं नाही.” नाक खाजत होतं, काय सांगू.

केसाळ छाती चालते का, हा प्रश्न मी लाजत विचारला होता. चालते. तंबाखू-सिगरेट मात्र चालत नाही. त्या निमित्ताने माझी सुटली.

ऑफिसची गोष्ट सांगतो. खासगी नोकरीत बापाला रजेचा कायदाच नाही. केंद्र सरकारी नोकरांना १५ दिवस मिळतात, आम्हाला साहेबाचा मूड. कुटुंबाला आत घ्या म्हणताना कुटुंबाला कामावरून बाहेर कोण सोडणार, तेही बोला.

थेम्सकाठ

आदूबाबा, इथे ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून याचसाठी वेगळी रजा आली आहे. बाळ जन्मानंतर २८ दिवसांच्या आत नवजात विभागात दाखल झालं आणि सलग ७ दिवस किंवा जास्त राहिलं, तर आई आणि वडील दोघांनाही १२ आठवड्यांपर्यंत जादा रजा. नेहमीच्या रजेवर ही वरची. माझं बाळंतपण त्याआधीचं, त्यामुळे नवऱ्याने सगळी वार्षिक सुट्टी तिथेच संपवली.

आत मात्र आम्हाला कुणी अडवलं नाही. राउंडला डॉक्टर माझ्यासमोर बोलायचे, रात्र कशी गेली ते आधी मला विचारायचे. पण हे सगळं गुलाबी नाही हं. मोठी मुलगी शाळेत, इथे ना सासू ना आई. दिवसभर पेटीशेजारी बसून रात्री घरी येऊन दुधाचा पंप लावायचा. ‘पालक कधीही येऊ शकतात’चा अर्थ हळूहळू ‘चांगले पालक कायम इथेच असतात’ असा होतो. घरी डब्बा आणून देणारं कुणी नसताना आपल्याकडची गर्दी फार आठवली.

शिंपला

थेम्सकाठ, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. नाहीतर वाचनमात्रच असते.

मला आत जायचंच नव्हतं. हे मी घरात कुणाला अजूनही नीट सांगू शकलेले नाही. बाळ खूप लहान होतं, अंगभर वायरी. मला वाटायचं, मी जीव लावला आणि हे गेलं तर? सगळे म्हणत, “जा, आईचा स्पर्श मिळाला की वाढेल.” म्हणजे वाढलं नाही तर माझ्या स्पर्शात खोट. दूध येत नव्हतं, तर सासरी-माहेरी रोज त्याचीच चौकशी. “आज किती निघालं?” पंधरा मिली निघालं की मलाच पास झाल्यासारखं वाटायचं, पाच निघालं की नापास.

तिथली एक कौन्सेलर चांगली होती. तिने जबरदस्ती केली नाही. पहिल्या दिवशी फक्त पेटीच्या झरोक्यातून हात आत घालून बाळाच्या डोक्यावर आणि पायांवर तळवा नुसता टेकवायला सांगितला. चोळायचं नाही, थोपटायचं नाही, नुसता ठेवायचा. त्याने पायाने माझा तळवा ढकलला. दुसऱ्या दिवशी मी आपणहून गेले.

आत घ्या, नक्की घ्या. पण आईच्या वेगाने घ्या.

रानजाई

शिंपला, मनापासून आभार. वहिनीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, मोबाइल मागून घेतला आणि पुन्हा स्वतः वाचला.

उलटतपासणी

भावनिक भाग समजला. पण माझा मुद्दा तसाच आहे. ही सगळी स्वीडन-ब्रिटनची चैन. तिथे एका बाळाला एक खोली. आपल्याकडे सिस्टरताई एका वॉर्मरवर दोन बाळं सांगताहेत. आधी यंत्रं आणि माणसं पुरी करा, कुटुंब नंतर.

डॉ_कंदील

नेमकं उलटं आहे. या गोष्टी चैनीतून नाही, टंचाईतून आल्या.

कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. डॉ. एडगर रे यांच्या दवाखान्यात पेट्या कमी, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, इन्फेक्शन बेसुमार. म्हणून त्यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या सोव्हिएत एस्टोनियात, टालिन शहरात डॉ. आदिक लेविन यांना सिस्टर मिळेनात, म्हणून त्यांनी आयांना चोवीस तास बाळापाशी ठेवलं. सिस्टरचं काम शिकवणं, सुया आणि औषधं. बाकी सगळं आई. ते पाहून कॅनडावाल्यांनी आपली पद्धत आखली, आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून २६ एनआयसीयूंमध्ये तपासली. २०१८ मध्ये निकाल आले. रोज किमान सहा तास आत असणाऱ्या पालकांच्या बाळांचं वजन जास्त वाढलं, पालकांचा ताणही कमी.

आणि आपल्याच देशातलं सांगायचं तर दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया यांच्यासोबत तिथेही एक मोठी चाचणी झाली. १ किलो ते १८०० ग्रॅमच्या आतली बाळं. पूर्वी आम्ही म्हणायचो, बाळ आधी स्थिर होऊ दे, मग कांगारू. इथे जन्मल्याबरोबर सुरुवात केली, आईचा पलंगच अतिदक्षता विभागात आणला. २८ दिवसांतले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. २०२१ची गोष्ट. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली : जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाला ८ ते २४ तास.

८ ते २४. आणि रानजाईंच्या वहिनींना मिळतात वीस मिनिटं, तीही न शिवता.

उलटतपासणी

सफदरजंगचं माहीत नव्हतं. एवढा मुद्दा मागे. बिलिंगच्या खोलीचा मुद्दा कायम.

पायवाट

आदिवासी भागात आरोग्याच्या कामात आहे. इथल्या चर्चेत एक आई कुठेच दिसली नाही, म्हणून लिहितो.

पाड्यावरची बाई. जिल्ह्याच्या गावी बाळ एसएनसीयूत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात उपचार, औषधं, गाडी, आईचं जेवण फुकट आहे, आणि हे खरोखर मोठं काम आहे. पण घरी चार वर्षांचं पोर शेजारणीकडे, दोन शेळ्या, नवऱ्याची मजुरी बुडते. तो दवाखान्याच्या आवारात झाडाखाली झोपतो, कारण बाप्यांना आत जागा नाही आणि बाहेर धर्मशाळा नाही. चार दिवसांनी तो म्हणतो, “चल, घरी जाऊ. देव राखील.” कागदावर लिहिलं जातं ‘नातेवाइकांच्या हट्टाने डिस्चार्ज’. हट्ट नसतो हो तो.

माझ्या मते बाळाच्या पेटीपेक्षा आईची खाट आधी मोजावी. दूध काढायला आडोसा, अंघोळीला गरम पाणी, बापाला टेकायला ओसरी. हे जिथे आहे तिथे बायका राहतात, आमच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि दवाखान्याबाहेरही कुटुंबच बाळ वाचवतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन-तापमान बघते, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत फेऱ्या करते, त्याचं मूळ तिथे आहे. रानजाई, तुमचं बाळ घरी आलं की तिला दारातून परत पाठवू नका. शहरात लोक पाठवतात.

बंड्या_सातारकर

पायवाट, +१००. यावर विनोद सुचत नाही.

गोड_लिंबू

थोडं अवांतर : वर मालतीकाकूंनी बोंडलं म्हटलं. आजकाल मिळतं का कुठे? वहिनीच्या बाळालाही पुढे लागेलच ना?

मालतीकाकू

आमच्याकडे चांदीचं आहे, तीन पिढ्यांचं. तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात स्टीलची मिळतात.

सिस्टर_वऱ्हाडी

आम्ही दवाखान्यात तेच वापरतो. नळीवरून थेट अंगावर येईपर्यंत मधला टप्पा बोंडल्याचा किंवा वाटी-चमच्याचा. बाटली नाही. टोक गालाच्या आतल्या कडेला टेकवायचं, थोडं थोडं सोडायचं, बाळ गिळेपर्यंत थांबायचं. ओतायचं नाही! सगळ्या आज्या ओतायला जातात. आणि काकू, चांदीचं असो की स्टीलचं, दर वेळी उकळायचं. नक्षीवालं नको, नक्षीत दूध अडकते.

मालतीकाकू

नक्षीवालंच आहे मेलं. बरं, साधं घेईन नातसुनेला.

गोड_लिंबू

आणि आईचं दूध पुरलं नाही तर? पावडरच ना?

डॉ_कंदील

आधी दूधपेढीची चौकशी करा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मानवी दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. आता बऱ्याच शहरांत आहेत. दात्या आईच्या तपासण्या होतात, दूध पाश्चराइज होतं. शेजारणीचं परस्पर नको. पण पहिली पसंती वहिनींच्याच दुधाला, आणि ते वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय पुन्हा तोच : बाळ छातीशी.

उत्तरध्रुव

स्वीडनमधून. वर ‘एका बाळाला एक खोली’ म्हटलंय ते खरं आहे, आम्हाला मिळाली होती. दोन खाटा, मध्ये बाळ. पण लिहायचं कारण वेगळं. खोलीत दार लावून दोघंच असतो तेव्हा मॉनिटर वाजला की छातीत धस्स होतं, आणि बोलायला शेजारी कुणी नसतं. मुंबईत माझी मावसबहीण मोठ्या वॉर्डात दहा आयांबरोबर होती. रडायला, हसायला, एकमेकींच्या डब्यातलं खायला सोबत होती. तिचा तो गट अजून व्हॉट्सॅपवर आहे, सगळ्यांचे वाढदिवस होतात. खोली हवी की वॉर्ड, मला अजून ठरवता येत नाही.

सिस्टर_वऱ्हाडी

वॉर्ड. रात्री दोनला मी नाही उठवत, शेजारची आई उठवते.

रानजाई

ताजी खबर. दादाने काल मोठ्या डॉक्टरांना भेटून डॉ_कंदील म्हणाले तसं नेमकं विचारलं, “कांगारू कधीपासून?” त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, “पालक घाबरतात म्हणून आम्ही सहसा आपणहून सुचवत नाही.” आम्हाला वाटत होतं ते अडवतात, त्यांना वाटत होतं आम्ही घाबरतो!

आजपासून दुपारी वहिनीला आत बसवतात. आज पहिल्याच दिवशी तासाभराच्या आत बाळाचं तापमान जरा उतरलं म्हणून परत पेटीत ठेवलं, टोपडं मोठं होतं म्हणे. आता लहान आणायला सांगितलंय. दादाला मात्र नाहीच. “आमच्याकडे वडिलांना देत नाही.” तिथे आणखी खेचावं की थांबावं?

आदूबाबा

थांबू नका. भांडूही नका. वहिनी जेवायला-झोपायला जातील ती वेळ मागा. “तेवढा वेळ पेटीऐवजी मी बसतो” म्हणा. आणि शर्ट पुढून उघडणारा घालून जा, म्हणजे सबब उरणार नाही.

मालतीकाकू

टोपडं मी विणते. डोक्याचा घेर कळव. मऊ सुती दोऱ्याचं करते, लोकर नको, टोचते.

रानजाई

काकू 🙏 घेर २८ सेंटिमीटर. पत्ता व्यनि करते.

डॉ_कंदील

विणण्याआधी दोरा धुऊन घ्या, आणि तयार झाल्यावर पुन्हा एकदा.

रानजाई, या गडबडीत राहून जाणारी एक गोष्ट सांगतो. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावा लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. वेळेत पकडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने थांबवता येतं, उशीर झाला तर नजर जाते. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, त्यामुळे घरी कळत नाही. बाळ तेव्हा अजून भरती असेल तर तिथेच होईल, घरी गेलेलं असेल तर न्यायची जबाबदारी तुमची. डिस्चार्जच्या कागदावर ही तारीख नसेल तर मागून लिहून घ्या. कानांच्या तपासणीचीही.

रानजाई

हे कुणीच बोललं नव्हतं. दादाला फोन केला, तो आत्ता तिथेच आहे, विचारून घेतोय.

रानजाई

लिहून दिली तारीख, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची. डोळ्यांचे डॉक्टर तिथेच येतात. दादा म्हणतो, विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “बरं झालं आठवण केलीत, तुमच्या बाजूच्या बाळाचीही लावून टाकते.”